बारा जणींचे डबे

३ ऑक्टोबर, रविवार

दुकानच नाही! औरंगपुऱ्यात ज्या गाळ्यात बद्रीभाऊची सीताफळ रबडी होती, तिथं आज मोबाइलची कव्हरं टांगलेली. वाटलं मीच गल्ली चुकले. मागं जाऊन पुन्हा आले. तीच गल्ली, तोच पानवाला. त्याला विचारलं तर वर न बघताच म्हणाला, "वो तो गर्मी में ही गया, बाई."

उन्हाळ्यात! आणि राखीला माझ्या घरी दोन पुरणपोळ्या खाऊन गेला तेव्हा एक शब्द नाही. उलट, "आक्का, दिवाळीच्या आत सगळे पैसे देतो."

फोन लावला, बंद. जीपमध्ये बसून पुन्हा लावला, बंद. खुलताबाद येईपर्यंत लावत होते. शेजारची बाई म्हणाली, "पोरगं हरवलं का वं?" काय सांगू तिला!

अडतीस हजार चारशे रुपये. त्यातले माझे अडीच हजार, बाकी आमच्या बायकांच्या बचत गटातल्या अकरा जणींचे. गेल्या हंगामात काढलेल्या सीताफळाच्या गराचे.

४ ऑक्टोबर

अंगणवाडीतल्या खिचडीत दोनदा मीठ घातलं. मुलांनी तोंडं वाकडी केली. कुणाला काही सांगितलं नाही. ना मिठाचं, ना दुकानाचं.

५ ऑक्टोबर

यांना सांगितलं. हे शेळ्यांना पाणी दाखवत होते. बादली खाली ठेवली. मग एवढंच, "पावती हाय का?"

नाही.

सगळं तिथंच येऊन अडतं. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गर घेऊन गेले, तर त्या गल्लीत एकानंही उभं केलं नव्हतं. बद्रीभाऊनं स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाला, "मला बहीण नाय, आक्का." त्या दिवाळीला भाऊबीजेची साडी दिली, मोरपंखी. पुढच्या श्रावणात मी राखी बांधली. त्यानंतर त्याच्याकडं पावती कोणत्या तोंडानं मागायची? भावाकडून कुणी पावती घेतं का?

हे म्हणाले, "अन् राखीला त्यानं सह्या कशावर घेतल्या व्हत्या?"

ते गटाचं लायसन्स. दोन फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स, चार सह्या. आता सरकारी लायसन्स लागतं, मी काढून देतो, म्हणाला.

"वाचलं व्हतं का?"

भावानं पुढं केलेला कागद काय वाचायचा! मी असं म्हटल्यावर हे पुन्हा शेळ्यांकडं वळले.

१० ऑक्टोबर, रविवार

बैठक झाली. सांगून टाकलं. आधी कुणाला खरंच वाटेना. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. नव्या हंगामाची फळं झाडाला डोळे उघडून पिकायला लागलीत आणि जुन्याचा पैसा नाही. लक्ष्मीबाई म्हणाली, आता गर काढूच नका, फळं बाजारात देऊन टाका. मग गट कशाला हवा?

चतुरामावशी शेवटपर्यंत कोपऱ्यात बसून होती. तिचे एकटीचे चार हजार शंभर, सगळ्यांत जास्त. डोळ्यात मोतीबिंदू. मागच्या हंगामात चाचपडत बिया काढल्या, पण तिच्या गरात एक बी सापडायची नाही. हे पैसे तिनं ऑपरेशनला धरलेले. निघताना दारात थांबली. म्हणाली, "आवडे, तू त्याची बहीन. बहीन-भावाच्या मधी आमी कोन?"

ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं. मला चोर म्हणाली नाही. पण तो 'बहीन' शब्द घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. तेरा वर्षं ही बाई मला लेक म्हणते. फार रडले आज.

११ ऑक्टोबर

मोरपंखी साडी ट्रंकेच्या तळाला टाकली. वर जाड गोधडी.

२० ऑक्टोबर

हे शेळ्यांचं औषध आणायला शहरात गेले होते. आल्यावर चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "तुझ्या भावाची रबडी वासावरनं वळखली म्या." त्याच औरंगपुऱ्यात, दोन गल्ल्या सोडून! दसऱ्याला नवं दुकान उघडलंय. पाटी 'मधुमंजिरी'. गल्ल्यावर भाऊचा जुना नोकर, रामकिसन.

म्हणजे माणूस तोच, रबडी तीच. बदलली फक्त पाटी. आमचं देणं जुन्या पाटीबरोबर भंगारात! काय डोकं आहे!

२४ ऑक्टोबर, रविवार

गेले. एकटीच. रामकिसननं मला बघितलं आणि फडकं घेऊन पुसलेलंच टेबल पुसायला लागला. पन्नाशीचा माणूस, पण खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात.

"बद्रीभाऊ कुठाय?"

"त्यांचं काय नाय हितं. हे दुकान येगळं, मालक येगळे."

"कोण मालक?"

"मालकीनबाई हायेत. गावाकडं असत्यात."

अशा मालकिणी मीही पुष्कळ पाहिल्यात, म्हटलं. आणि तेवढ्यात फळीकडं लक्ष गेलं. डबे! आमचे डबे!

आमच्या गटाची रीतच आहे — जिचा गर तिच्याच डब्यात. लग्नात आलेले स्टीलचे डबे, सगळ्यांवर नावं घातलेली. दुकानात डब्यावरचं नाव वाचून वजन करायचं, म्हणजे कुणाचं किती यात घोळ नको. रिकामे डबे पुढच्या फेरीला परत. गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचे आलेच नव्हते. 'सौ. लक्ष्मीबाई, मामांकडून' यात साखर. 'चतुराबाई' यात वेलदोडे. पाटी बदलली, बिलबुकं बदलली, भिंतींना रंग दिला — आणि आमच्या नावांत साखर भरून ठेवली!

मोठ्यानं वाचले मी. एकेक. बाराच्या बारा. गिऱ्हाइकं रबडी खायची थांबली. रामकिसन हळूच म्हणाला, "आक्का, त्यांना लाज वाटती तुमच्याम्होरं यायला. पाया पडतो, वरडू नका."

ओरडत नाही म्हटलं. त्यांना सांग, भाऊबीजेला येते. ओवाळायला.

३१ ऑक्टोबर

चतुरामावशीला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "माझ्या डब्यात काय व्हतं?" वेलदोडे म्हटल्यावर हसली! म्हणाली, "म्हाग वस्तू ठिवली की गं बाबानं." पैशाबद्दल मात्र काही बोलली नाही.

७ नोव्हेंबर, भाऊबीज

मोरपंखी साडी काढली. हे बघत होते. ताट घेतलं — निरांजन, कुंकू, सुपारी. गर्दीच्या वेळेलाच पोचायचं हे ठरवलेलं. चारचौघांत बहिणीनं ओवाळलं की ताट रिकामं परत पाठवता येत नाही. मी भावाला ओवाळायला नव्हे, वसुलीला चालले होते. देवा, खरं तेच लिहिते.

बद्रीभाऊ होता! आत, कढईपाशी. किती वाळलाय! गालफडं बसलेली. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. मला बघून पलटा हातातच राहिला.

म्हटलं, "पाट नसंल तर स्टूल आणा, भाऊ. तुमच्याकडं असतंय स्टूल."

बसला. गिऱ्हाइकं कौतुकानं बघत होती. एक म्हातारी म्हणाली, "नशीबवान हाय बाबा, सणाला बहीन आली." त्याचे डोळे भरले. इतके दिवस तोंडात धरलेले शब्द एकेक करून विरघळले. मेलं मनच खोटं, ऐन वेळी फितूर होतं.

हळू आवाजात म्हणाला, "बँकेनं घर सील केलं, आक्का. फ्रीजर उचलून नेले. माझ्या नावावर चमचा बी ठिवता येत नाय."

"बायकोच्या ठेवायचा."

"कर्जाला तिची बी सही हाय."

"मग ही मालकीण कोण आणली?"

ताटातल्या सुपारीकडं बघत राहिला. मग उठला, आत गेला, एक पाकीट आणून ताटात ठेवलं. चिकटवलेलं. "हितं नको उघडू. घरी." रामकिसननं पोत्यात डबे भरून दिले — घासलेले, लखलखीत.

पाकीट पातळ आहे. आत काहीतरी टणक लागतंय, नाणं असावं. पाचशे एक किंवा हजार एक. अडतीस हजारांच्या पुढं ते किती! जीपमध्ये राग आला, त्याचा कमी, माझा जास्त. एकही कडक शब्द बोलता आला नाही मला. यांनी विचारलं, "उघडीत का नाय?" म्हटलं, उद्या गटासमोरच. माझ्यावर आधीच बोट आहे.

८ नोव्हेंबर

सगळ्यांसमोर फोडलं. पैसे नाहीत. एक किल्ली, आणि 'मधुमंजिरी'च्या लायसन्सची झेरॉक्स. मालकाच्या चौकटीत फोटो — अंगणवाडीच्या साडीतली मी. नाव: आवडाबाई सांडू गायके. खाली सही. माझीच, राखीला केलेली. मागं पेनानं लिहिलेलं: 'गल्ल्याची किल्ली. दुसरं कोण व्हतं मला, आक्का?'

बारा जणींत वाचता येतं मला एकटीला. कागद घडी घालून पदरात ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं. मोठ्यानं वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मग चतुरामावशीनं चाचपडत किल्ली शोधली, माझ्या हातात ठेवली, माझी मूठ मिटली.

"मंग मालकीनबाई," म्हणाली, "आमचे पैसे कवा देता?"