बुटावरचं शेवाळ

हूसुम, ९ ऑक्टोबर १९२७

प्रिय फ्राउके वहिनी,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं बरं, म्हणजे असायचं तेवढं. कोळंबी कमी, वारा जास्त. हाम्बुर्ग तुला मानवलं असेल. तिथे निदान आमच्यासारखा चिखल नाही.

समुद्रशेवाळाचा हंगाम जोरात आहे. शहरातल्या बायका अजूनही फुलदाणीत ठेवून कौतुक करतात, पाण्याशिवाय जगणारं रोप म्हणून! आपण समुद्रातून काढून, वाळवून हिरव्या रंगात बुडवतो ती बारक्या जिवांची मढी, हे त्यांना कोण सांगणार?

गेल्या आठवड्यात जाळ्यात एक बूट आला. वर वीतभर शेवाळ. मी कात्री घेतली तर आई ओरडली, "खबरदार! जिवंत आहे ते."

तिने तो खाऱ्या पाण्याच्या टबात ठेवला. थोड्या वेळाने फांद्यांवरच्या इवल्या पेल्यांतून केसाहून बारीक हात बाहेर आले. बोट लावलं की आत. एकाने खाल्लं की सगळ्या झुडपाला पोचतं, पोट एकच. आई स्वतः उपाशी राहून त्यांना मासा कुस्करून घालते. "मोमे जेवला," म्हणते आणि हसते. वहिनी, मला त्या हसण्याची भीती वाटते.

कुणाचाही असेल बूट, असं मीही म्हणत होते. पण टाचेचं ठिगळ निळ्या दोऱ्याने, डावऱ्या हाताने शिवलंय. आपल्या घरात डावरी तू एकटीच.

मोमेदादाशी झालेल्या त्या भांडणानंतर तू माहेरी, समोरच्या बेटावर गेलीस. मागोमाग तोही दिसेनासा झाला. दादाची होडी धक्क्यालाच होती, म्हणून गावाने ठरवलं की तो अमेरिकेला पळाला. तू मान खाली घालून हाम्बुर्ग गाठलंस. बूट मिळाला तो तुझ्या माहेरच्या वाटेवरच्या ओहोळात. ओहोटी बघून तो समुद्राच्या उघड्या पडलेल्या चिखलातून पायी निघाला होता गं, तुला आणायला. भरतीने गाठलं.

बुडालेल्याची वस्तू बायकोनेच पुरायची, ही आपली रीत. म्हणून आई मला बूट उचलू देत नाही. तू आल्याशिवाय ती जेवायची नाही.

आज तिला ताप होता, म्हणून पाणी मी बदललं. सगळे हात एकदम उघडले. आणि माझ्याच तोंडून निघालं, "थांब दादा, देते."

मिळेल त्या गाडीने ये.

तुला सोडून न गेलेल्या माणसाची बहीण,
गेशे