डाव्या सीटखालचे लोखंड

मी, फिलोमिना रूथ कॅटरॉल, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, विधवा, निवृत्त, राहणार १४, टॅनयार्ड लेन, लॉस्टॉक हॉल, प्रेस्टन, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्याच हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो कोणी मागितला नव्हता, पण मी भानावर असते की नसते याबद्दल या गावात एकदा बावीस वर्षे गैरसमज चालला, म्हणून या खेपेस कागद आधीच करून घेतला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. राग आहे, परंतु रागावलेल्या बाईने मृत्युपत्र करू नये असा कायदा माझ्या वाचनात आलेला नाही. माझे पती गेरार्ड यांनी १९८८ साली वकिलाकडून करून आणलेले आणि मी न वाचता सही केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. माझ्या बहिणीची मुलगी फ्रान्सेस ग्रेगसन हिला मी व्यवस्थापक नेमते. ती रुग्णवाहिका चालवते. आपटलेल्या मोटारीतून माणसे बाहेर काढण्यात तिची वीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे कलम ४ तिला समजावून सांगावे लागणार नाही.

कलम २. घर आणि घरातले सामान फ्रान्सेसला. गेरार्डची आरामखुर्ची मात्र पालिकेच्या कचरागाडीला. ती कोणी गरजवंताला द्यावी असे सुचवले जाईल. देऊ नये. तिच्यात बसलेला माणूस उठत नाही.

कलम ३. बँकेतल्या बचतीतून ज्या सरकारी कॉलेजात मी संध्याकाळच्या वर्गाला वेल्डिंग शिकले, तिथे पन्नाशीपुढच्या बायकांची फी भरावी. पहिल्या दिवशी तिथल्या मास्तरांनी मला सांगितले, की फुलांच्या सजावटीचा वर्ग शेजारच्या खोलीत आहे. मी म्हटले, फुले मला येतात. मास्तर ओशाळले, पण शिकवले मात्र मन लावून. ज्या कॉन्व्हेंटने मला वळणदार अक्षर, लॅटिन प्रार्थना आणि चूक कोणाचीही असो, क्षमा बायकोने आधी मागावी एवढे शिकवले, त्या शाळेला काही नाही. अक्षर मी वापरत आहे, त्याबद्दल आभार.

कलम ४. मोटार. खरे तर हा सगळा कागद मी तिच्यासाठीच करत आहे.

ही मोटार कारखान्यात तयार झालेली नाही. १९८० साली गेरार्डने सुट्या भागांचा संच मागवला. फायबरग्लासची लाल बॉडी आली, खोक्यांत बाकीचे सामान आले, आणि खालचा सांगाडा एका गंजक्या जुन्या गाडीचा घ्यायचा होता. जोडणी आमच्या गॅरेजात गेरार्ड आणि त्याचा जिवलग मित्र डेझमंड शॅरॉक यांनी केली. डेझमंडकडे मोटारींची वार्षिक तपासणी करून पास-नापास ठरवण्याचा परवाना होता, आणि ही गाडी त्यानेच पास केली. मी तेव्हा बसगाड्यांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. सांगाडा कुठे तडकतो आणि तिथे पट्टी कशी मारायची याची चित्रे काढणे हे माझे काम. त्या दोघांनी मला एकदाही विचारले नाही. चहा मागितला.

ऑगस्ट १९८१ मध्ये लाँगरिजच्या रस्त्यावर एका शेताच्या फाटकातून ट्रॅक्टर आडवा आला. गेरार्डने ब्रेक दाबला आणि गाडी दगडी गडग्यावर गेली. वेग फार नव्हता. गेरार्डच्या मनगटाला खरचटले. माझे कपाळ समोरच्या काचेत गेले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. त्या तासाभरातले मला काही आठवत नाही, आजही नाही. गेरार्डने हॉस्पिटलात सांगितले, की हिने सीटचा पट्टा लावला नव्हता. तेव्हा पट्ट्याची सक्ती नव्हती आणि बऱ्याच बायका कपडे चुरगळतात म्हणून लावत नसत, त्यामुळे सगळ्यांना ते पटले. मलाही पटले. खाटेवर पडल्या पडल्या मी नवऱ्याची क्षमा मागितली. चर्चमध्ये जाऊन पापनिवेदनात हा निष्काळजीपणा सांगितला आणि प्रायश्चित्त म्हणून दिलेल्या प्रार्थना गुडघ्यांवर बसून म्हटल्या. एका डोळ्याने बारीक रेघ ओढता येईना, म्हणून ड्रॉइंग ऑफिसातून मला सुट्या भागांच्या खिडकीवर बसवले. पुढची चोवीस वर्षे मी तिथे नट-बोल्ट मोजून दिले. १९८३ मध्ये पट्ट्याची सक्ती आली तेव्हा आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये व्याख्यान झाले, आणि गेरार्डने मला पहिल्या रांगेत बसवून लोकांना माझे कपाळ दाखवले. लोक हळहळले. मी मान हलवली.

२००३ च्या नोव्हेंबरात गेरार्ड गेला. पुढच्या फेब्रुवारीत गाडी विकायची म्हणून मी ती आतून साफ करायला घेतली आणि डाव्या सीटखालचा गालिचा उचलला. फायबरग्लासच्या तळाला बशीएवढी गोल जागा निराळ्या रंगाची होती. वरचे लिंपण खरवडले तर खाली फाटलेले भोक निघाले. कडा वरच्या बाजूला उलटलेल्या. गेरार्डने पट्ट्याचा बोल्ट सांगाड्यात न बसवता नुसत्या त्या पातळ तळातून काढून खाली वॉशर लावून आवळला होता.

मी गॅरेजच्या थंड फरशीवर पुष्कळ वेळ बसले. ज्या पट्ट्यात कोणी बसलेले नाही तो पट्टा तळ फाडून वर येत नाही. त्या पट्ट्यात मी होते. पट्टा लावलेला होता. आणि अपघातानंतर भोक बुजवून, गालिचा चिकटवून, जरा मोठा वॉशर घालून गेरार्डने तो पट्टा पुन्हा तिथेच बसवला होता. त्यावर मी आणखी कित्येक वर्षे रविवारी फिरायला गेले, प्रत्येक वेळी न विसरता पट्टा लावून.

गाडी मी विकली नाही. मोडलीही नाही. दुरुस्त केली. चार हिवाळे लागले. आढ्याला साखळीची कप्पी बांधून बॉडी वर टांगली, कारण फायबरग्लासजवळ वेल्डिंग केले तर ते पेट घेते. सांगाडा मधोमध होता आणि दोन्ही सीटा त्याच्या बाहेर, नुसत्या तळावर तरंगत होत्या. मी सांगाड्यापासून दोन्ही कडांपर्यंत चौकोनी नळीचे आडवे हात जोडले, त्यांवर जाड पत्रे, पत्र्यांना नट, आणि त्या नटांत पट्टे. सीटांच्या मागे नळीची कमान उभी केली. दारांच्या बिजागऱ्या कुजक्या लाकडात स्क्रूने धरल्या होत्या, तिथे लोखंडी पट्टी टाकली. फायबरग्लासमधून वीज जात नाही, हे शाळकरी मुलीला कळते. या दोघांनी मागच्या दिव्यांची परतीची तार फायबरग्लासलाच आवळली होती आणि दिवे लागत नाहीत म्हणून तीनदा बल्ब बदलले होते. मी तार सांगाड्यापर्यंत नेली. वेल्डिंगला एक डोळा पुरतो.

ही मोटार फ्रान्सेसला. तिची नऊ वर्षांची मुलगी ईडी डाव्या सीटवर बसते. फ्रान्सेस मला म्हणाली होती, "मावशी, माझ्या रुग्णवाहिकेपेक्षा हिच्यात मला धीर वाटतो." एवढे शिफारसपत्र मला बस आहे. अट एकच. मी जोडलेले लोखंड काढायचे नाही, कापायचे नाही, आणि काढण्यासाठी गाडी कोणाच्या हाती द्यायची नाही.

कलम ५. ही अट का, ते सांगते. रिबल व्हॅली हौशी मोटार मंडळाला पुढच्या वर्षी पन्नास वर्षे पूर्ण होतात. अध्यक्ष डेझमंड शॅरॉक यांच्या सहीचे पत्र मला आले आहे. संस्थापक सदस्य गेरार्ड कॅटरॉल यांनी बांधलेली मोटार मंडळाला मिळावी, ती 'मूळ रूपात' आणली जाईल, 'नंतर जोडलेले बोजड लोखंड' उतरवले जाईल, आणि वर्धापनदिनाच्या फेरीत सभासदांची मुले आळीपाळीने डाव्या सीटवर बसतील, असे त्यात साळसूदपणे लिहिले आहे. मूळ रूप मी पाहिले आहे. ते माझ्या कपाळावर आहे. मंडळाला माझ्याकडून चाकाचे झाकणसुद्धा मिळणार नाही.

कलम ६. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, पाने आणि मुखवटा फ्रान्सेसला. मुखवट्याचा पट्टा सैल आहे, तो बदलून घ्यावा.

कलम ७. मला गेरार्डच्या शेजारी पुरावे. जागा राखलेली आहे. दगडावर माझे नाव, जन्म, मृत्यू आणि 'पट्टा लावलेला होता' एवढेच कोरावे. पॅरिशने हरकत घेतली तर पहिल्या रांगेतल्या व्याख्यानाची आठवण करून द्यावी.

कलम ८. साक्षीदार म्हणून शेजारच्या साफिया भामजी आणि डेझमंड शॅरॉक यांना आज चार वाजता बोलावले आहे. जो साक्षीदार असतो त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हे एक कारण. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मी म्हणते.

कलम ९. हे कलम त्याच दिवशी, ते दोघे समोर बसलेले असताना, सही करण्याआधी लिहीत आहे.

डेझमंडने कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, की गेलेल्या माणसाबद्दल असे लिहू नये, आणि गेरार्ड भला होता. मी म्हटले, मी माणसाबद्दल लिहिलेले नाही, भोकाबद्दल लिहिले आहे. त्याने कागद माझ्याकडे सरकवला. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून मी बटाट्या-कांद्याचा बटर पाय केला होता, त्याला त्याने हात लावला नाही. शेवटी साफिया म्हणाली, "अहो मिस्टर शॅरॉक, सही करायची नसेल तर तसं सांगा. समोरच्या बाईंना हाक मारते. मला सहाला दुकान उघडायचंय."

तेव्हा तो म्हणाला, "तो बोल्ट गेरार्डनं नाही बसवला. मी बसवला."

गेरार्ड त्या संध्याकाळी कामावर होता. दुसऱ्या दिवशी मंडळाची फेरी होती. संचाबरोबर लोखंडी पट्टी आलेली होती, पण तिची भोके सांगाड्याशी जुळत नव्हती, नवी पाडावी लागली असती. डेझमंडने वॉशरवर भागवले, आणि त्याच आठवड्यात गाडी स्वतःच पास केली. अपघातानंतर गॅरेजात भोक पाहिल्यावर गेरार्डला कळले. खरे सांगितले असते तर डेझमंडचा परवाना गेला असता, आणि कदाचित तो तुरुंगातही गेला असता.

मी विचारले, "मग गेरार्ड काय म्हणाला?"

डेझमंड टेबलाकडे बघत म्हणाला, "म्हणाला, फिलचं काय एवढं, ती घेईल सांभाळून."

साफियाने माझ्या हातावर हात ठेवला. मी तो बाजूला केला, कारण मला लिहायचे होते.

म्हणून दुरुस्ती: कलम ४ मध्ये बोल्ट गेरार्डने आवळला असे जे म्हटले आहे, तिथे डेझमंड शॅरॉक असे वाचावे. गेरार्डबद्दलचे बाकी एक अक्षरही बदलत नाही. बोल्ट त्याचा नव्हता. मला सांभाळून घ्यायला लावले ते त्यानेच.

डेझमंडने विचारले, की त्याचे नाव गाळता येईल का. मी पेन त्याच्यापुढे ठेवले आणि सांगितले, की तुला जे म्हणायचे असेल ते सहीच्या वर लिही, तेवढी जागा मी सोडली आहे.

ठिकाण: लॉस्टॉक हॉल. शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०२४.

फिलोमिना रूथ कॅटरॉल

आम्हा दोघांच्या देखत सही झाली.

साफिया भामजी, औषधविक्रेती, १६, टॅनयार्ड लेन.

मी सगळे वाचले. फिलोमिनाने पट्टा लावलेला होता. बोल्ट मी बसवला आणि गाडी मी पास केली. ते लोखंड कोणी काढू नये. मंडळाचे पत्र मागे घेत आहे.

डेझमंड शॅरॉक, निवृत्त मोटार तपासनीस.