अंगठ्याएवढ्या शटलचा टपालखर्च

२ फेब्रुवारी
धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चार पुरुषार्थांत टपालखर्च नेमका कुठे बसतो, हे एकाही आचार्याने सांगून ठेवलेलं नाही. सांगायला हवं होतं. आज त्यावाचून माझं अडलं.

हकीकत अशी. सौ.चं शिलाई मशीन बंद पडलंय. आतलं शटल तुटलं. शटल म्हणजे खालचा दोरा घेऊन मागेपुढे पळणारा अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. मशीन इतकं जुनं की त्याचं शटल बाजारात कुणाकडेच नाही. त्यात तिने दवाखान्याच्या पडद्यांची मोठी ऑर्डर घेतलेली, महिनाअखेरच्या वायद्याची. पडदे वेळेत गेले तर दवाखान्याचं वर्षभराचं काम तिचं. नाही गेले तर रेडिमेडवाल्याचं. सध्या घर तिच्या शिवणकामावर चालतं. मी स्वेच्छेने निवृत्त आहे. कंपनीने पत्रव्यवहार विभाग बंद केला त्याच दिवशी मला निवृत्तीची इच्छा झाली, हा निव्वळ काकतालीय न्याय.

तेव्हा जबाबदारी मी उचलली. ऑनलाइन लिलावात शटल शोधलं. फोटोत हुबेहूब आमचंच. बोली लावली, जिंकलो. समोर एकही बोली नाही. याला दरारा म्हणतात.

लगेच विक्रेत्याचा मेसेज, टपालखर्च वेगळा पडेल. रक्कम बघितली. वस्तूच्या चौपट! साइटवर या इसमाचं नाव ‘जुनं ते सोनं’. मी त्याला सोनार म्हणणार.

संकल्प: एक पैसा जास्त देणार नाही. दोन दिवसांत वठणीवर आणतो.

३ फेब्रुवारी
सौ. म्हणाली, अहो, भरून टाका ना ते टपालाचे. मी म्हणालो, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, मग तुमच्या तत्त्वाला शिवण घालून दवाखान्यात टांगू का?

बायकांना सिद्धान्त कळत नाही असं मी म्हणत नाही. इथे लिहितो फक्त.

५ फेब्रुवारी
साइटचे सगळे नियम वाचले. कलमं, पोटकलमं, तळटिपा. वस्तूचं वर्णन अर्थातच वाचलं नाही. मीमांसकांचा दंडक आहे: विधी तेवढा प्रमाण, स्तुती हा नुसता अर्थवाद. विक्रेता आपल्या मालाचे गोडवेच गाणार. ते वाचून बुद्धी कशाला विटाळायची?

नियम क्रमांक बारा: टपालखर्च वस्तूच्या वजनाशी सुसंगत असावा. सापडला! सोनार संपला.

६ फेब्रुवारी, सकाळी
आमचं तुटलेलं शटल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. काटा जागचा ढिम्म हलला नाही. फोटो काढून पाठवला. खाली एकच ओळ: ‘हे पाहून लाज वाटत असल्यास कळवावे.’

दुपारी
उत्तर आलं. हसून हसून रडणारा पिवळा चेहरा. त्याखाली, साहेब, काटा दुरुस्त करून घ्या.

माझ्या काट्याबद्दल बोलतो! तीस वर्षं मी कंपनीच्या थकबाकीदारांना पत्रं लिहिली. माझं तिसरं पत्र मिळाल्यावर माणसं पैसे घेऊन स्वतः यायची. काही तर रडायची.

९ फेब्रुवारी
सोनाराचा नवा पवित्रा. म्हणतो, साहेब, खोका पुठ्ठ्याचा चालणार नाही, लाकडी करावा लागतो, सुताराचे मी तुमच्याकडून घेतच नाहीये.

अंगठ्याएवढ्या शटलला लाकडी पेटी! पार्सल पाठवतोय की तिरडी बांधतोय? शिवाय उपकाराची भाषा. आज सविस्तर पत्र लिहिलं. सात परिच्छेद. पाचव्यात त्याच्या वाडवडिलांच्या व्यवसायाविषयी काही सभ्य शंका. सहावा इतका धारदार उतरला की मी स्वतःच तो दोनदा मोठ्याने वाचला.

सौ. आतून म्हणाली, कुणाशी बोलताय?

१० फेब्रुवारी
सात परिच्छेदांना उत्तर: ओके साहेब. पण जड आहे हो.

जड काय आहे? त्याची जीभ?

११ फेब्रुवारी
सौ. पडदे हाताने शिवायला बसली. लांबच्या लांब पांढरं कापड सगळ्या खोलीभर. चहासाठी वाट काढत जावं लागतं. तिच्या बोटाला दोन ठिकाणी पट्ट्या. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाली, नाही, हौस म्हणून बांधल्यात.

मुलगी ऑफिस सुटल्यावर भेटायला आली. म्हणाली, बाबा, मला लिंक पाठवा, मी बघते. मी म्हणालो, तू बघून काय करणार? पत्रव्यवहार हे माझं क्षेत्र. ती म्हणाली, बाबा, आईला पत्रव्यवहार नकोय, शटल हवंय.

जाताजाता तिने माझ्या चष्म्याच्या काचा पुसून दिल्या. त्यातला खोचकपणा माझ्या लक्षात आला.

शास्त्रात सूचीकटाहन्याय आहे. लोहाराकडे सुई आणि कढई दोन्ही करायला आल्या तर आधी सोपी सुई करावी. म्हणून आधी टपालखर्च निकाली काढायचा, मग शटल. हे या घरात कुणाला सांगणार?

१३ फेब्रुवारी
अखेर सोनाराने दात दाखवले. आजचा मेसेज जसाच्या तसा: ‘साहेब तुम्ही राहता कुठे नक्की? सांगा, बघू आपण काहीतरी.’

उघड धमकी.

उत्तर दिलं की पत्ता देणार नाही आणि मी कुणाला भीत नाही. मग दाराला कडी लावली. मग दुसरी.

१४ फेब्रुवारी
हार्डवेअरवाल्याकडून दाराची साखळी आणली, स्वतः बसवली. सौ. कापडाचा गठ्ठा घेऊन आली तर दार चार बोटं उघडून अडलं. बाहेरून म्हणाली, अहो, हे काय आता? मी फटीतून म्हणालो, सुरक्षा. ती म्हणाली, या घरातून चोरून नेण्यासारखं एक शटल होतं, तेही तुटलं. काढा ती साखळी.

काढली. स्क्रू नीट बसले नव्हते, त्यामुळे साखळीबरोबर चौकटीचा एक तुकडाही निघाला.

१६ फेब्रुवारी
सोनार आज मला काका म्हणाला. ‘काका, रागावू नका, तुमचा आकडा सांगा, थोडं मी सोसतो.’

साहेबाचा काका झालो. ही अवनती मी विसरणार नाही. आकडा सांगितला नाही. आकडा सांगितला की भांडण संपतं आणि त्याला तेच हवंय. मी नऊ परिच्छेद पाठवले.

संकल्प: आता मुळीच ढळायचं नाही. संकल्प दुसरा: रोज सकाळी फिरायला जायचं. (आज नको, उत्तर यायचंय.)

१८ फेब्रुवारी
साइटच्या तक्रार विभागाकडे रीतसर दाद मागितली. आरोप: नफेखोरी, उपहास, धमकी, काका म्हणणे. पुरावा म्हणून काट्याचा फोटो. विक्रेत्याला एक तारा दिला. शून्य द्यायची सोय नाही, हा साइटचा दोष. तोही कळवला.

रात्री छान झोप लागली. कित्येक दिवसांनी ऑफिसातून आल्यासारखं वाटत होतं.

२१ फेब्रुवारी
दवाखान्याच्या मॅनेजरबाई घरी आल्या. पडदे मोजले, तोंड कडू केलं. मी पुढे होऊन त्यांना खटल्याची पार्श्वभूमी सांगू लागलो. नियम क्रमांक बारापर्यंत आलो तोच त्या म्हणाल्या, ते सगळं ठीक आहे हो, पडदे कधी? बाईंनी न शिवलेल्या कापडातलं निम्मं उचललं. म्हणाल्या, एवढं रेडिमेडवाल्याकडे टाकते, उरलेलं अठ्ठावीसला मिळालं तर वर्षाच्या कामाचं बोलू.

त्या गेल्यावर खोलीत चालायला ऐसपैस जागा झाली. मी हे बोलून दाखवलं. चूक झाली.

२४ फेब्रुवारी, सकाळी दहा
तक्रार विभागाचा निकाल. तक्रार फेटाळली! वस्तू वर्णनाप्रमाणे आहे, टपालखर्च वजनाशी सुसंगत आहे, आणि तक्रारदाराने भाषा सांभाळावी.

सोनाराने वरपर्यंत पैसे चारलेत. अपील करतो. मसुदा तयार आहे, अकरा परिच्छेद.

संध्याकाळी
मसुदा दाखवायला मुलीला बोलावलं. तिने मसुदा बाजूला ठेवला, माझ्या हातातून फोन घेतला आणि वस्तूचं वर्णन उघडलं. म्हणाली, बाबा, हे वाचलंत का? मी म्हणालो, अर्थवाद वाचत नसतो. ती मोठ्याने वाचू लागली. सौ. सुई हातात धरून ऐकत होती.

वर्णन असं. जुनं शिलाई मशीन, संपूर्ण, बिडाचं, चालू स्थितीत. पाच फोटो. पहिला आतल्या शटलचा, कारण गिऱ्हाइकं तेच विचारतात. वजन जास्त असल्याने टपाल महाग पडतं. जवळ राहणाऱ्यांनी येऊन न्यावं, टपालखर्च नाही. त्याखाली पत्ता.

पत्ता आमच्यापासून बसने चार थांबे.

मी म्हणालो, शटलचा फोटो पहिला लावणं ही दिशाभूल आहे. मुलीने फोन लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला: अहो ताई, मी कधीचा विचारतोय काकांना, राहता कुठे, तर ते पत्ताच सांगेनात!

सौ.ने सुई दोऱ्याच्या रिळात खोचून ठेवली आणि चपला शोधायला लागली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२५ फेब्रुवारी
कालच दोघी जाऊन मशीन घेऊन आल्या, रिक्षाने. मी गेलो नाही, पाठ धरली होती. रिक्षावाल्याने आणि मुलीने मिळून ते वर चढवलं. मी जिन्यात उभा राहून दिशा सांगत होतो. हात लावून बघितला. जड आहे.

सोनार चांगला माणूस आहे म्हणे. आईचं जुनं शिवणाचं दुकान आवरतोय. मशीन चालवून दाखवलं, बॉबिन फुकट दिल्या, चहा पाजला. त्याची आई अंथरुणावर असते. माझं पत्र आलं की तो तिला वाचून दाखवायचा. सकाळ झाली की विचारायची, आला का रे काकांचा कागद? त्या सहाव्या परिच्छेदाला तिला हसून ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. सांगताना सौ.ही हसली. या महिन्यात पहिल्यांदाच. म्हणजे हसू माझ्यामुळे आलं, पण माझ्याकडे बघून नाही.

त्या म्हातारीला करमणूक म्हणून मी लिहीत नव्हतो. एवढं कळवायला हवं.

२६ फेब्रुवारी
मशीन दिवसभर खडखडतंय. अपील पाठवलं नाही. तत्त्व सोडलेलं नाही, फक्त मशीन चालू असताना लिहायला सुचत नाही.

२८ फेब्रुवारी
उरलेले पडदे गेले. मुलगी आणि सौ. दोघी घेऊन गेल्या. मॅनेजरबाईंनी ठेवून घेतले. वर्षाचं काम निम्मं हिला, निम्मं रेडिमेडवाल्याला. सौ. म्हणाली, निम्मं तर निम्मं. गेलेलं निम्मं कुणामुळे गेलं, ते ती बोलली नाही. मी वाट बघत होतो. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

सोनाराला चार ओळी लिहाव्यात म्हणून साइट उघडली. वाद घालायचा नव्हता. त्याच्या आईला कसं आहे, एवढंच विचारायचं होतं. तिथे पाटी: व्यवहार पूर्ण झाला आहे, आता संदेश पाठवता येणार नाही.

टपालखर्चाची मला काळजी नव्हती. विभाग बंद झाल्यापासून मला कुणी काही लिहीत नाही, विचारत नाही. हा माणूस रोज उत्तर देत होता. आणि आज सौ.ने पडद्यांचा हिशोब मुलीला समजावून सांगितला, मी शेजारीच बसलो होतो. माझ्यावाचून घराचं काही अडत नाही, हे तिला कळलंय असं वाटतं. त्याची भीती वाटते.