पडद्याच्या डावीकडे

३ तारीख, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क आवडला! स्कॅन सेंटर लहानसंच आहे. पुढे पेशंटांचे बाक, आत मशीनची थंडगार खोली, तिच्या शेजारी आमची. तीन कॉम्प्युटर, तीन खुर्च्या आणि सतत घरघरणारा एसी. कॉम्प्युटर चालते ठेवायचे, एवढंच माझं काम. स्कॅन काढणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांनी आल्या आल्या चहा दिला, आपला ड्रॉवर अर्धा रिकामा करून दिला. टेबलाच्या काचेखाली त्यांच्या दोन लहान मुलींचा फोटो आहे.

मग म्हणाल्या, तीन नंबरवर चित्रं बघायची विंडो उघडत नाही, जरा क्लिक करून बघतेस का? केलं. गोल फिरलं, खालच्या पट्टीवर प्रोग्रॅमचं नाव आलं, पडद्यावर मात्र काहीच नाही. मागे वहिनींनी एवढा मोठा श्वास सोडला की मला हसूच आलं. म्हटलं, अहो, अजून दुरुस्त कुठे झालंय!

घरी धाकट्या बहिणीने खोली लावून ठेवली होती. आई गेल्यापासून मीच तिची आई, असं ती सगळ्यांना सांगते. स्वयंपाक मात्र तीच करते. मला नोकरी लागेपर्यंत हं, असं तिने ठणकावून सांगितलंय.

४ तारीख, मंगळवार
दिवसभर तीन नंबर. रीस्टार्ट केला, प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, ड्रायव्हर बदलला. पट्टीवर नाव येतं, विंडो नाही. या विंडोने माझं डोकं खाल्लं. धाकटी म्हणाली, खाण्यासारखं आहे काय त्यात?

५ तारीख, बुधवार
सापडलं! सेटिंगच्या फाईलमध्ये विंडोची जागा उणे आकड्यात आहे. म्हणजे ती उघडते, पण पडद्याच्या बाहेर, डावीकडे. पूर्वी तिथे दुसरा मॉनिटर असेल, तो काढला आणि कॉम्प्युटरला कुणी सांगितलं नाही. नेहमीचा घोळ. मी आकडा शून्य केला. प्रोग्रॅम उघडला की पुन्हा उणे.

सेंटरच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, तिथे दुसरा मॉनिटर कधीच नव्हता. खरंच की. डावीकडे लगेच भिंत आहे.

पट्टीवरच्या नावावर माउस नेला की विंडोचं इवलंसं चित्र दिसतं. डोक्याचा स्कॅन आहे. पाव कापतात तसं मशीन डोक्याचे पातळ काप चित्रात घेत जातं, टाळूपासून खाली. कोपऱ्यात आकडा होता: १२/१६०. पेशंटच्या नावाची जागा रिकामी.

६ तारीख, गुरुवार
आज आकडा २३. मधल्या वेळात एकाही डोक्याचा स्कॅन झालेला नाही. मी रजिस्टर पाहिलं. वहिनींना दाखवायला गेले तर त्या तिकडे बघेचनात. हातातलं काम टाकून उठून गेल्या.

सकाळी केस विंचरताना कंगवा लागतच नव्हता. झोप नीट झाली नसेल.

७ तारीख, शुक्रवार
न्हाताना टाळूवर पाणी पडल्याचं कळलं नाही. कानावर आलं तेव्हा कळलं, आणि केवढं कढत होतं! धाकटीने केस बाजूला करून पाहिलं, म्हणाली टाळू लालभडक झालीय. बोट दाबलं म्हणे तिने. मला समजलंही नाही.

ऑफिसात आकडा ३१. घरी जाताना मी तीन नंबरची वायर भिंतीतून उपसून काढली.

१० तारीख, सोमवार
दोन दिवस तीन नंबर बंद होता. आज लावला. ५४.

चित्र कपाळापर्यंत आलंय. डाव्या भुवईच्या वर हाडाला खळगा आहे. लहानपणी मी झोक्यावरून पडले होते. तिथेच. तेवढाच. माझा हात आपोआप कपाळावर गेला – आणि बोटांना कपाळ लागलं, कपाळाला बोटं लागली नाहीत.

हे डोकं माझं आहे.

११ तारीख, मंगळवार
वहिनींना कोंडीत पकडलं. दार लावून घेतलं आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? त्या मटकन खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. आधीच्या ऑपरेटरने त्यांना असंच "जरा क्लिक करून बघता का" म्हटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. वहिनींचा आकडा चाळिसाला पोचला होता. मी क्लिक केलं, आणि त्याच क्षणी त्यांना आपल्या टाळूवर पंख्याचा वारा लागला. म्हणून तो श्वास.

"माझ्या मुली लहान आहेत गं," एवढंच म्हणत राहिल्या.

दुसऱ्या कुणी विंडो उघडायला घेतली तरच आपली थांबते. १६० झाल्यावर काय होतं, ते त्यांना माहीत नाही.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण आधी मनात आलं ते भलतंच – कुणाला बसवू?

स्वतःचीच भीती वाटली. तीन नंबरवर कागद चिकटवला. हात लावू नये.

१२ तारीख, बुधवार
७१. डिस्क पूर्ण पुसली. पट्टीवर नाव तसंच.

डॉक्टर आले, म्हणाले आठवडा झाला, बघू मी, आणि माउसला हात घातला. मी त्यांचा हात हिसडला. जोरात. माउस खाली पडला. ते सावकाश म्हणाले, तुमचं डोकं ठिकाणावर नाही, रजा घ्या.

एक क्षण मी हात आवरायला निघाले होते. एकच क्षण. त्यांनी क्लिक केलं असतं तर –

नाही.

१३ तारीख, गुरुवार
घरीच. पापण्या मिटल्यात की उघड्या ते कळत नाही. हाताने तपासावं लागतं. वरचा अर्धा भाग काळा, पडदा ओढल्यासारखा. मान मागे टाकून लिहितेय.

धाकटी सारखी विचारते काय होतंय. काही नाही म्हटलं. दवाखान्यात चल म्हणून हटून बसली. ओरडले तिच्यावर. तिला कळता कामा नये. कळलं तर ती –

वही उशीखाली ठेवते.

१४ तारीख, शुक्रवार
दिसत नाही. ओळ कुठे आहे – बोटाने धरून

वास येईनासा झाला. चहा आणला तिने. कळलं नाही

वही उशीखाली नव्हती. टेबलावर. मी ठेवली का

धाकटीला हाका मारल्या. घरात नाही

तीच तारीख, दुपार
दिसतंय.

एकदम. खिडकीतलं ऊन डोळ्यांत घुसलं. कपाळावर घाम आहे, तो ओघळतोय, कळतोय. टाळूला केस ओढल्यासारखे – कळतंय सगळं. केवढं बरं वाटलं. देवा, बरं वाटलं मला.

मग पान पाहिलं. माझ्या वेड्यावाकड्या ओळींच्या खाली तिचं अक्षर.

"ताई, वाचलं मी सगळं. तू मला कधी सांगितलं नसतंस. वहिनींना फोन केलाय, त्या आत सोडतील. रागावू नकोस. भात झाकून ठेवलाय, जेवून घे."

फोन उचलत नाही. वहिनीही नाहीत उचलत.

धाकटे, हे वाचशील तर – मी तिकडेच निघालेय. तू लगेच ऊठ त्या खुर्चीवरून, मी पुन्हा क्लिक करते, तुझं थांबेल, आणि मग तू परत बसायचं नाहीस, शपथ आहे तुला माझी, तू