तिसरीला फाटा

सोमवार, ५ ऑगस्ट
शाळेचा वीट आला आहे. कन्या दुसरीत. आज जेवताना सहज म्हणाली, की बाईंनी तिला चौथीच्या वर्गात नेऊन बसवलं. मागच्या आठवड्यातही बसवलं होतं. म्हणजे पोरीची झेप बाईंना दिसते, पण बापाला कळवायचं साधं सौजन्य नाही. शी!
ठरलं. मुख्याध्यापिकांना भेटायचं. तिसरीला फाटा, थेट चौथी. बायको म्हणते, आधी पोरीला नीट विचारा. हिला कशाचं म्हणून कौतुक नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट
पोरीला विचारलं. ती काहीतरी लांबलचक सांगायला लागली. थांबवलं, मला शाळेत करायच्या भाषणाची तयारी करायची होती. 'माननीय'पर्यंत लिहून झालं. मग पेन बंद पडलं. हल्ली पेनंसुद्धा भिकार निघतात.

गुरुवार, ८ ऑगस्ट
भाषण पाठ करणार होतो. ऑफिसच्या कटकटीत राहून गेलं. बातमी मात्र साहेबांना सांगितली. कॅशियरला सांगितली. लिफ्टमध्ये दोघा अनोळखी माणसांनाही. कॅशियरने विचारलं, गणितात किती पडतात? हलकट! पडतात यथातथाच, पण हुशार मुलांना सोप्या गणितांचा कंटाळा येतो हे त्या गाढवाला कोण सांगणार?

शनिवार, १० ऑगस्ट
पोरगी रडली. मैत्रीण दुसरीतून तिसरीत जाणार, मग डबा कुणाबरोबर खाऊ म्हणे. समजावलं, की मोठी माणसं एकटीच असतात. त्यावर भोकाडच पसरलं. बायको माझ्याकडे झुरळाकडे बघावं तशी बघत होती. शेवटी पोरीने नाक पुसलं आणि म्हणाली, बरं, जाईन चौथीत. बाप ठाम असला की हे असं होतं.

सोमवार, १२ ऑगस्ट, सकाळ
इस्त्रीचा शर्ट. निर्धार: मोजकं बोलायचं.

तोच दिवस, दुपार
मुख्याध्यापिकांच्या खोलीला ओल्या फडक्याचा वास. वर्गाच्या बाईही हजर. अर्धा तास बोललो, दोघींना तोंड उघडू दिलं नाही. पाणी प्यायला थांबलो तेवढ्यात बाईंनी साधलं. म्हणाल्या, पोरगी वर्गात अखंड बडबडते. शिक्षा म्हणून चौथीत बसवतात. तिथे मोठ्या मुलांना बुजून गप्प बसते. मुख्याध्यापिका माझ्याकडे बघून म्हणाल्या, बडबड कुठून आली ते आज कळलं. काय उद्धट बाई!

सगळा राग पोरीवर काढला. शाळा सुटल्यावर घरी नेताना रस्त्यातच विचारलं, शिक्षा आहे हे माहीत होतं ना? मग जाईन का म्हणालीस?
ती म्हणाली, बाबा, तू माझ्यावर एवढा खूश कधी झालाच नव्हतास.
मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं. मग तिनेच हळूच विचारलं, आता दुसरीतच राहिले तर चालेल ना?