मागच्या खोलीची ओवाळणी

१० ऑगस्ट १९८५, सकाळी
आजपासून तीन निश्चय. चहा एकच. राग बंद. घर विकून नागपुरात ब्लॉक. तिसरा जमला का पहिले दोन आपोआप जमतील.

संत्र्याचे व्यापारी पुंडलिकराव आपलं घर मागून राहिले. जाम नदीच्या रस्त्यावर, समोर दोन खोल्या, ओटा, दगड-चुन्याचं काम. अडचण एकच, माझी बहीण यमुना. बाबांच्या मागं अर्धा हिस्सा तिचा. नवरा वारल्यापासून मागच्या खोलीत राहते, कापसाच्या जिनिंगात कामाले जाते. बाबांचं दुखणंखुपणं सारं तिनंच काढलं म्हणतात लोक. काढलं असंन. भाडं तर नाही देल्लं.

१४ ऑगस्ट
नगरपालिकेतला ओव्हरसियर गजानन माझा शाळेतला दोस्त. त्यानं आज डोळे उघडले. घर तेच, दगड तेच, पण नक्शा पास असला तर एक भाव अन् नसला तर गिऱ्हाईक दारात उभं नाही राहत. कोण घेईल, उद्या पाडलं तर? म्हणजे यमुनेसाठी नक्शा पास नाही, पुंडलिकरावसाठी गजानन पास करून देणार. तिच्याकडून मातीमोल घ्याचं, त्याले सोन्याच्या भावात द्याचं. बाबांच्या डोक्यात हे कधी आलंच नाही. मास्तर माणूस.

गजानन हेही म्हणे का रेकॉर्डवर फक्त मागची खोली पास आहे, म्हणजे जुनं स्वयंपाकघर. समोरचं बाबांनी नंतर कोणाले न इचारता वाढवलं. मी लक्ष नाही देल्लं. स्वयंपाकघरात पुरुषानं काऊन लक्ष घालावं?

१८ ऑगस्ट, रविवार
गजानन टेप घेऊन आला. यमुनेसमोर इकडून तिकडून मोजलं, समोरच्या भिंतीवर लाल रंगानं ही मोठी फुली मारली अन् म्हणे, हे पाडा लागते. यमुना होती तिथंच खाली बसली. म्हणे, दादा, मंग मी कुठी जाऊ? मी तोंड असं पाडलं का गजाननलेही खरं वाटलं. मंग हॉटेलात जाऊन दोघं इतके हसलो का मले ठसका लागला. चहा तीन झाले. दोस्तासोबतचा धरत नसतात.

३० ऑगस्ट, राखी
यमुनेनं राखी बांधली. लोहा गरम होता. तिले सांगतलं, बाई, या घराले आता कवडीची किंमत नाही, तुझा हिस्सा माझ्या नावानं कर, पाडापाडीचं झेंगट मी एकटा पाहून घेतो. लई रडली. म्हणे, पैसे नको दादा, मागची खोली अन् तेवढं आंगण माझ्या नावानं करून दे, बाबांची चूल आहे तिथं, मले बाहेर नको काढू. मी लगेच हो म्हटलं. ओवाळणीत खोली देणारा भाऊ पांढुर्ण्यात दुसरा दाखवा! माझ्याच डोळ्यात पाणी आलं. माझी बायको पुष्पा म्हणे, धुरानं काळी झालेली खोली, लुगड्यापेक्षा स्वस्तात सुटले. तिले भावना नाहीत.

२ सप्टेंबर, सौसर
रजिस्ट्री झाली. समोरचं माझं, मागचं तिचं. यमुनेनं बसचं तिकीट आपलं आपणच काढलं. मानी आहे, मी मधात नाही पडलो. भजे खाल्ले. बरे होते.

परत आल्यावर पुंडलिकरावले निरोप धाडला का या. मागच्या बाईची काळजी नको म्हटलं, समोरच्या विहिरीवर कुलूप लावलं का पंधरा दिवसांत स्वतःच जाईल.

६ सप्टेंबर
गजाननले फुली पुसाले बोलवाले गेलो तर त्याची बदली! न सांगता गेला, हरामखोर. राग बंद आहे म्हणून जास्त नाही लिहीत.

स्वतः चुना मारला. एक हात मारला, दुसरा मारला, फुली आतून गुलाबी डोकावूनच राहिली. पुष्पाचं पातळ वाळू घातलं वरून. नेमके पुंडलिकराव आले अन् वाऱ्यानं पातळ उडालं. हे काय म्हणे. मी म्हटलं शुभचिन्ह आहे, आमच्याकडे काढतात. ते म्हणे, नक्शा पास असलेला दाखवा, मंग बोलू. माणूस शक्की आहे.

९ सप्टेंबर
नव्या साहेबाकडे ताठ मानेनं गेलो. म्हटलं, साहेब, एकट्याचं घर आहे, नक्शा पास करून द्या. साहेब लगेच पाहाले आले. एवढा मान गजाननच्या वेळी नव्हता. फुली पाहून म्हणे, ही कोणी मारली? मी सांगतलं, ते खोटंखोटं होतं, घरगुती कारणासाठी. त्यानं पुन्हा मोजलं. म्हणे, फुली खोटी असंन, पण समोरचं सारं सरकारी रस्त्यावर आहे. चार दिवसांत खाली करा.

धमकी आहे. असं कोणी पाडत नसते.

१३ सप्टेंबर
पाडलं.

अख्खी आळी पाहाले उभी होती, जसा दंडारीचा खेळच लागला. मी ओट्यावर बसून राहिलो तर दोघांनी मले बसल्या ठिकाणी उचलून बाजूले ठेवलं. संध्याकाळी पुष्पा पेटी घेऊन मोहगावले माहेरी गेली. गादी पण नेली. यमुनेची खोली जशीच्या तशी, धूर निघून राहिला.

१४ सप्टेंबर, पोळा
लोक म्हणतात घर गेलं. चूक. दगड सारे आपलेच आहेत, रस्त्याच्या कडेले ढीग आहे. मजबूत माल. मागं सरकून दोन मजली बांधीन, मंग पाहा भाव. सण झाला का ढीग हलवतो. यमुनेनं पुरणपोळी धाडली. तूप कमी होतं.

१५ सप्टेंबर, गोटमार
सकाळी ढिगाजवळ पोट्टे दिसले. मले वाटलं मदतीले आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा अन् सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, अन् त्याच दिवशी दगडाचा ढीग उघड्यावर ठेवणारा मीच एक बेअक्कल. पिशव्या भरभरून नेले. नदीवर धावत गेलो, ओरडून राहिलो, अरे ते माझं घर आहे! कोण ऐकते? माझ्या दोन्ही खोल्या हवेतून सावरगावकडे चालल्या होत्या. तिकडून एक परत आला. कपाळावर. उचलून पाह्यला तर चुना लावलेला, वर लाल रंग. फुलीचाच तुकडा. नंतर ध्यानात आलं, अर्धा लाल माझा होता.

१६ सप्टेंबर
यमुनेनं हळद भरून पट्टी बांधली. पुंडलिकराव तिच्या दारात आले होते. म्हणे, पास असलेली एवढीच जागा आहे, मागाल तो भाव देतो. तिनं हात जोडून नाही म्हटलं. पागल आहे.

मी म्हटलं, यमुने, आंगणात दोन टिनं टाकून राहतो. ती म्हणे, राह्य ना दादा, पण पयले परवानगी काढ. तूच म्हणत होता, त्याच्याशिवाय कवडीची किंमत नाही.

१७ सप्टेंबर
नगरपालिकेत गेलो. साहेब म्हणे, आंगण ज्याच्या नावानं आहे त्याची सही आणा. घरी आलो. मी लाडीगोडीनं सहीचं इचारलं, राखी अजून हातात होती, ती समोर धरली. यमुना चुलीत फुंकर मारून राहिली होती. मान न वळवता म्हणे, पुढच्या राखीले पाहू.