वास गेला की दिवा लावा

अहो,

बापूच्या जुन्या गाडीची गंजलेली नळी काढून तुम्ही नवी आणाले मेहकरले गेले, अन् इकडे अंगणभर पेट्रोलचा वास. म्हणून आज तुळशीपाशी दिवा लावला नाही, नुसते हात जोडले. भाकरी शेजारच्या चांगुणाबाईच्या चुलीवर भाजून आणल्या, फडक्यात आहेत.

मी बसनं जानेफळले कीर्तनाले जाते. नळी अन् फिल्टर घाईनं बसवू नका. बिडी फाटकाबाहेर ओढा, हात जोडते.

वास गेला की दिवा तुम्हीच लावा. आपला बापू गेला तवापासून तुम्ही देवाशी अबोला धरला, मले माहीत आहे. बोलू नका त्याच्याशी, नुसता लावा. म्हणजे रात्री परत आल्यावर फाटकातूनच मले दिसंल, तुम्ही सुखरूप आहात.

— सुभद्रा